नावाखालची पट्टी

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या परसात पांढऱ्या प्लॅस्टिकचं चार फुटी कुंपण आहे. यंदा त्यावर माझा दुधी चढला. मूळ माझ्या वाफ्यात, पाणी मी घालते, खताची पोती मी उचलून आणली, आणि दुधी मात्र एकजात काकूंच्या बाजूला लोंबतायत. ‘‘त्याला ऊन माझ्याकडे मिळतं, त्याला मी काय करू?’’ असं म्हणत काकू रोज संध्याकाळी एकेक दुधी दाबून बघून जातात. दोन दुधी हरणांनी खाल्ले म्हणे. हरणं दुधी देठाजवळ सुरीनं कापत नाहीत, एवढं मला कळतं. पण सत्तरी ओलांडलेल्या शेजारणीशी दुधीवरून कोण भांडणार!

गाव एडिसन, न्यू जर्सी. आम्ही मराठी माणसं इथं ओक ट्री रोडवरच्या कोथिंबिरीमुळे राहतो, पण गावाचं नाव थॉमस एडिसनवरून पडलं. १८७७ साली त्यानं बोलकं यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, इथल्याच मेन्लो पार्कात जुळवलं. तिथं आता त्याचा मनोरा आहे, टोकाला भलाथोरला काचेचा दिवा. भारतातून पाहुणे आले की त्यांना एकदा तिथं नेऊन आणायचं आणि मग डोसा खायला न्यायचं, असा आमचा शिरस्ता.

तर त्या दिवशी काकू कुंपणाशी आल्या त्या दुधीसाठी नव्हे.

‘‘अगं ए, तुला विचारायचं होतं. ‘स्ट्रॅटेजिस्ट’ म्हणजे काय गं?’’

‘‘कुठं भेटला?’’

‘‘टीव्हीवर. आठ जण बसले होते अर्धगोल करून, मुंजीच्या पंगतीसारखे. आठांतले पाच स्ट्रॅटेजिस्ट. मला सांग, ही माणसं नोकरी कुठं करतात? सकाळी उठून डबा घेऊन जातात कुठं?’’

काकूंच्या मुलानं त्यांना बातम्यांचे सगळे चॅनेल घेऊन दिलेत. दुपारभर त्या बघतात. इंग्रजी त्यांना उत्तम कळतं, चर्नी रोडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय. न कळण्यासारखं काही असलं तर ते भाषेत नसतं.

‘‘ती नाही का, बारा सालातली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘‘आयुष्यात एक दिवस काम केलं नाही’वाली. तिच्या नावाखालीसुद्धा असंच काहीतरी लिहिलेलं.’’

मी पाण्याचा पाइप बंद केला. ‘‘काकू, ती हिलरी रोझेन. ती गाण्यांवाली.’’

‘‘गाण्यांवाली? गायची?’’

‘‘गायची नाही हो. गाणी विकणाऱ्या कंपन्यांची कारभारीण होती.’’

काकूंनी दोन्ही कोपरं कुंपणावर टेकली. आता तासभर निश्चिंती. आमच्या दोघींच्या गप्पांची गंमत अशी, की एकीला गोष्टीचा शेपटाकडचा भाग ठाऊक असतो आणि दुसरीला डोक्याकडचा. काकूंना २०१२ ठाऊक होतं. मला त्याच्या आधीची पंधरा वर्षं.

आधी काकूंचं २०१२. त्या वर्षी त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सून एच-फोर व्हिसावर. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली, तिथं चांगली नोकरी सोडलेली, आणि इथं नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. कायद्यानं एक डॉलर कमवायची सोय नाही. मी लायब्ररीत कामाला, तिथं फुकट काम करायला म्हणून माझ्याकडे यायची, पुस्तकं लावायची, तेवढीच बाहेरची हवा. ११ एप्रिल २०१२ च्या रात्री घरात सीएनएन चालू होतं. मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तयारीत होते, आणि बायकांना पैशाच्या कोणत्या अडचणी येतात ते मला माझ्या पत्नीकडून कळतं, असं सांगत फिरत होते. त्यावर हिलरी रोझेनबाई म्हणाल्या की त्यांच्या पत्नीनं आयुष्यात एक दिवस काम केलेलं नाही, तिला काय ठाऊक असणार!

‘‘माझी सून चपात्या लाटत होती,’’ काकू म्हणाल्या. ‘‘लाटणं तसंच पोळपाटावर ठेवलं आणि आत गेली. एक अक्षर बोलली नाही. मी उरलेल्या लाटल्या. माझ्या जाड होतात, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.’’

मला ते कळलं, कारण मीही त्याच रांगेतली. १९९६ ला आले, तेव्हापासून ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत माझ्या नावापुढं प्रत्येक फॉर्मवर ‘गृहिणी’. दादरला बँकेत होते, हे सांगायला फॉर्ममध्ये जागाच नसे. एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी देणारा नियम मे २०१५ मध्ये आला, आणि तोही सगळ्यांना नाही, ज्यांच्या नवऱ्यांची ग्रीन कार्डाची गाडी ठरावीक स्टेशनापर्यंत पोचलीय त्यांनाच. म्हणजे २०१२ साली ओक ट्री रोडच्या आसपास अशा शेकडो घरी शिकल्यासवरल्या बायका चपात्या लाटत होत्या, आणि सरकारी हुकमानं लाटत होत्या.

खरं तर रोझेनबाईंचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. पोटासाठी दोन नोकऱ्या करणारीचा हिशेब श्रीमंत घरच्या बाईला कसा कळेल, असं त्यांना म्हणायचं होतं. पण टीव्हीवर मुद्दा राहत नाही, वाक्य राहतं. ॲन रॉम्नी त्याच रात्री ट्विटरवर अवतरल्या आणि म्हणाल्या, मी घरी राहून पाच मुलगे वाढवले, ते कष्टाचंच काम होतं. रोझेनबाई ओबामांच्याच बाजूच्या, तरी दुसऱ्या दिवशी ओबामांपासून त्यांच्या प्रचारप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी हात झटकले. रोझेनबाईंनी माफी मागितली, आणि त्या रविवारी एनबीसीच्या ‘मीट द प्रेस’मध्ये जायचं होतं ते रद्द केलं.

‘‘आणि ते तीन हिलरींचं?’’ काकूंचे डोळे चमकले. हा त्यांचा आवडता भाग.

व्हाइट हाऊसमध्ये कोण येतं-जातं त्याची नोंदवही असते, ती तेव्हा बघायला मिळायची. त्या वहीत हिलरी रोझेन हे नाव तिसाहून जास्त वेळा निघालं. पत्रकारांनी प्रवक्ते जे कार्नी यांना विचारलं, तर ते म्हणाले, माझ्याच ओळखीत हिलरी रोझेन नावाच्या तीन बायका आहेत, वहीतली नेमकी कोणती ते कसं सांगू!

‘‘आमच्या वाडीत तीन सुमनताई होत्या,’’ काकू म्हणाल्या, ‘‘पण बिल कोणी थकवलं ते वाण्याला बरोबर कळायचं.’’

इथून पुढं माझी पाळी. हिलरी रोझेन मूळची आपल्याच जर्सीतली, वेस्ट ऑरेंजची. इथून गाडीनं पाऊण तास. आणि वेस्ट ऑरेंज म्हणजे कोण? तर मेन्लो पार्क सोडल्यावर एडिसननं १८८७ साली जिथं मोठी प्रयोगशाळा उघडली आणि बाजूला फोनोग्राफचे नि रेकॉर्डांचे कारखाने घातले, तेच गाव. रेकॉर्डांच्या गावची मुलगी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेत गेली. आरआयएए, रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका. १९८७ मध्ये लागली, १९९८ मध्ये प्रमुख झाली. वॉशिंग्टनमध्ये बसून काँग्रेसच्या सभासदांना गाण्यांच्या कंपन्यांचं दुखणं समजावून सांगायचं, कायदे आपल्या बाजूनं वळवून घ्यायचे, हा धंदा. त्याला लॉबिंग म्हणतात.

‘‘म्हणजे मंत्रालयाबाहेर बगलेत फाइल घेऊन फिरणारे?’’

‘‘तेच. पण इथं रीतसर नाव नोंदवून फिरतात. १९९५ चा कायदा आहे. कोणासाठी फिरतो, कोणत्या बिलासाठी फिरतो, किती पैसे घेतो, सगळं सरकारदरबारी लिहून द्यायचं. तुम्ही-मी घरबसल्या बघू शकतो.’’

‘‘दलालीची पावती मिळते म्हणायची!’’ काकूंना अमेरिकेबद्दल बऱ्याच दिवसांनी आदर वाटला.

आता त्या कारभाराचा एक नमुना सांगते, दुधीच्या भाषेत. इथल्या कॉपीराइट कायद्यात एक सोय आहे. तरुणपणी अडलेल्या गायकानं कंपनीला गाणं लिहून दिलं, तरी ३५ वर्षांनी त्याला ते परत मागता येतं. वेल कंपनीच्या कुंपणावर चढला तरी मूळ कोणाचं ते कायदा विसरत नाही. पण गाणं ‘पगारी नोकरानं केलेलं काम’ ठरलं, तर ते कधीच परत मिळत नाही. १९९९ च्या नोव्हेंबरात उपग्रह टीव्हीच्या एका बिलात चार शब्दांची एक ओळ हळूच घुसली, आणि गाण्यांच्या रेकॉर्डिंगची गणना त्या पगारी कामांत झाली. बिल कशाचं, ओळ कशाची! आरआयएएला ती दुरुस्ती हवी होती. बिलात ओळ घालणारा काँग्रेसच्या समितीवरचा कर्मचारी काही महिन्यांतच आरआयएएमध्ये नोकरीला लागला. डॉन हेन्ली, शेरिल क्रो अशा मोठमोठ्या गायकांनी बोंब ठोकली, तेव्हा पुढच्या वर्षी काँग्रेसला ती ओळ पुसावी लागली. तो कर्मचारी पुढं चढत चढत २०१९ मध्ये आरआयएएचा प्रमुख झाला, ते वेगळं.

काकूंनी हे ऐकताना एक दुधी हलकेच पानाआड सरकवला.

मग नॅप्स्टर. १९९९ मध्ये बोस्टनमध्ये शिकणाऱ्या शॉन फॅनिंग नावाच्या एका पोरानं प्रोग्रॅम लिहिला. माझ्या कॉम्प्युटरवरचं गाणं तुम्ही घ्या, तुमच्याकडचं मी घेते. बस्स. वर्षभरात कोट्यवधी लोक गाणी उचलू लागले. आरआयएएनं त्याच डिसेंबरात दावा ठोकला आणि २००१ च्या जुलैत नॅप्स्टर बंद पाडलं. त्याच्या आधी, १९९८ मध्ये, रिओ नावाचा खिशातला एमपी-थ्री प्लेअरच विकू देऊ नका म्हणून त्यांनी कोर्ट गाठलं होतं, ते मात्र हरले. ते जिंकले असते, तर पुढं आयपॉड कोणाच्या खिशात गेला असता देव जाणे.

माझा भाचा तेव्हा रटगर्सला शिकत होता. होस्टेलच्या खोलीत रात्रभर गाणी उतरवायचा, एक गाणं उतरायला चहा होऊन थंड व्हावा इतका वेळ. एकदा दिवाळीला त्यानं मला एक सीडी दिली, वर मार्करनं लिहिलेलं ‘मावशीसाठी’. आत सगळी जुनी मराठी भावगीतं. मी रडले. कोणाची होती, कोणी चढवली होती, त्यातलं गायकाच्या घरी काय गेलं, असं काहीएक माझ्या मनात आलं नाही. आणि माझ्या मनात यावं तरी का? मी स्वतः १९९६ मध्ये बॅगेत चाळीस कॅसेट घेऊन आले होते, आणि गणपतीच्या आरत्यांच्या कॅसेटची तर अर्ध्या मंडळाला कॉपी करून दिली होती. कायद्यानं त्यात मी सुटते. धंदा न करता केलेल्या कॉपीसाठी ग्राहकावर दावा लावता येत नाही, असं १९९२ च्या कायद्यात आहे. लायब्ररीच्या काउंटरवर बसायला लागल्यावर हे कळलं, तेव्हा उगाच हायसं वाटलं.

भाच्याला कायद्यानं तशी पळवाट नव्हती. २००३ च्या एप्रिलमध्ये आरआयएएनं चार कॉलेज विद्यार्थ्यांवर खटले भरले. त्यातला एक प्रिन्स्टनचा, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचा. एका गाण्यामागं दीड लाख डॉलरपर्यंत दंड मागता येतो, आणि या पोरांच्या नेटवर्कवर गाणी हजारोंनी. शेवटी मे महिन्यात प्रत्येकानं बारा ते साडेसतरा हजार डॉलर मोजून मिटवलं. ती बातमी आली त्या रात्री माझ्या बहिणीनं पोराच्या कॉम्प्युटरची वायरच उपटून ठेवली. वायर काढून काय होणार, पण आईला कुठंतरी हात घालावासा वाटतो.

‘‘तोपर्यंत ती बाई तिथं होती?’’

‘‘होती, पण जायच्या वाटेवर. राजीनामा जानेवारीतच जाहीर केलेला. घरी लहान मुलं आहेत, त्यांना वेळ देते म्हणून.’’

त्या काळात तिच्याइतकी नावडती बाई अमेरिकेच्या कॉलेजांत दुसरी नसेल. ‘वायर्ड’ मासिकानं फेब्रुवारी २००३ च्या अंकात तिच्यावर लेख छापला, मथळ्यातच तिचा तिरस्कार. लेख वाचला तर चित्र थोडं वेगळं दिसतं. बंद दाराआड हीच बाई कंपन्यांच्या मालकांना सांगत होती, म्हणे, की बाबांनो, गाणी ऑनलाइन विकायला काढा. मालक ऐकेनात, आणि बाहेर शिव्या तिला. एप्रिलअखेर ॲपलनं ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं, तेव्हा ती खूश झाली. आणि सप्टेंबरात आरआयएएनं एकदम २६१ लोकांवर खटले घातले, त्यात न्यू यॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी निघाली, जिच्या आईनं दोन हजार डॉलर भरून सुटका करून घेतली, तेव्हा खुर्चीत दुसरा माणूस होता. हे पाप तिच्या माथी मारू नये.

ती कुठं होती? टीव्हीवर. त्याच वर्षी सीएनबीसीनं तिला भाष्यकार म्हणून घेतलं. सीएनबीसी म्हणजे पैशापाण्याच्या बातम्यांचं चॅनेल, आणि त्याचं बिऱ्हाडही आपल्या जर्सीतच, हडसनकाठी. काल जिला बातमीत प्रश्न विचारत होते, ती आज बातमीवर मत द्यायला बसली. पुढं एमएसएनबीसी, मग सीएनएन.

‘‘त्यात काय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आमच्याकडं रिटायर झालेले इन्स्पेक्टर पेपरात लिहितातच की.’’

तेही खरं, आणि मीही आधी असंच म्हणायचे. माणसानं जन्मभर एकच खुर्ची उबवावी असं थोडंच आहे! उलट, आतलं ठाऊक असलेला माणूस बाहेर येऊन बोलला तर ऐकावंसं वाटतं. आणि खुर्ची सुटल्यावर रोझेनबाईंचा सूरही बदलला. २००४ मध्ये तिनं ‘वायर्ड’मध्येच लेख लिहून लॉरेन्स लेसिगचं कौतुक केलं. हा कायद्याचा प्राध्यापक, क्रिएटिव्ह कॉमन्स काढणारा, म्हणजे कलावंतानं आपणहून लोकांना कॉपी करायची मोकळीक द्यावी म्हणणारा. नोकरीत असताना दोघं समोरासमोरच्या तंबूत होते. २००५ मध्ये तर तिनं स्टीव्ह जॉब्सकडे तक्रार केली, की दुसऱ्या दुकानातून विकत घेतलेलं गाणं माझ्या आयपॉडवर का वाजत नाही? गाण्यांना कुलपं घाला म्हणून ज्या संघटनेनं घसा कोरडा केला, तिच्या माजी प्रमुखबाई, बरं का!

काकू हसून हसून खोकू लागल्या. ‘‘दुकान सोडल्यावर मालाची खोट कळली!’’

‘‘तर मग वाईट काय त्यात?’’ मी म्हटलं. ‘‘तेव्हा तिच्या नावाखाली काय लिहायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आरआयएएची माजी प्रमुख. ऐकणारा त्या मापानं ऐकायचा. खोट आहे ती पुढची.’’

पुढची म्हणजे अशी. लॉबी करणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं, सल्ला देणाऱ्याला नाही. एखाद्या कंपनीनं तुम्हाला ‘काँग्रेसच्या सभासदाला भेटा’ म्हणून पैसे दिले तर नोंद. ‘लोकांत आमचं नाव सुधारा’ म्हणून दिले तर काही नाही. रोझेनबाई सीएनएनवर बसत असताना जनसंपर्काच्या फर्ममध्ये होत्या. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीची विहीर फुटली, अकरा कामगार गेले, महिनोन् महिने तेल वाहिलं, तेव्हा त्या ब्रन्सविक नावाच्या फर्ममध्ये होत्या आणि बीपीचं काम ब्रन्सविककडे होतं. २०१२ मध्ये त्या दुसऱ्या फर्मच्या भागीदार, आणि त्याच फर्ममध्ये ओबामांच्या एक माजी माध्यमप्रमुख. यातलं काही चोरून नव्हतं, शोधणाऱ्याला सापडत होतं. पण काकूंची सून चपात्या लाटताना शोधायला जाणार होती का? पडद्यावर दोन शब्दांची पट्टी. तेवढ्यावर तिनं माप करायचं.

ही एका बाईची गोष्ट नाही. २०१० मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकानं मोजदाद केली. २००७ पासूनच्या तीनेक वर्षांत किमान ७५ नोंदणीकृत लॉबीवाले, जनसंपर्कवाले आणि कंपन्यांचे अधिकारी पाच बातम्यांच्या चॅनेलांवर येऊन मतं देऊन गेले, आणि त्यांना पैसे कोण देतं ते प्रेक्षकाला सांगितलं गेलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं छापलं होतं की युद्धावर निःपक्षपाती मत देणारे निवृत्त सेनाधिकारी पेंटागॉनकडून पढवून येत होते, आणि त्यातल्या कित्येकांचे शस्त्रास्त्रांच्या कंत्राटदारांशी संबंध होते. त्या बातमीला पुलित्झर मिळालं. पट्ट्या काही लांब झाल्या नाहीत.

काकू जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘ते काय नाव म्हणालीस? आर-आय-ए-ए? आमच्या ह्यांच्या कागदावर होतं ते.’’

‘‘कुठल्या कागदावर?’’

काका गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना रेकॉर्डांचा नाद. लॅमिंग्टन रोडवर शनिवारची अर्धी सुटी घालवून ट्रान्झिस्टर, कंडेन्सर वेचून आणायचे आणि घरीच ॲम्प्लिफायर बांधायचे. त्या सर्किटच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं असे, आरआयएए. काकूंना वाटे, कुठल्या तरी कंपनीचं नाव. ते त्याच संघटनेचं. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबायचा, नाहीतर चर इतकी रुंद होते की एका बाजूत गाणी मावत नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज चढवायचे, म्हणजे सुईची खरखर त्यात बुडते. आणि घरी वाजवताना ॲम्प्लिफायरनं नेमकं उलटं करायचं, खर्ज उचलायचा, वरचं उतरवायचं. कंपनीगणिक ही मापं वेगळी असायची. १९५४ मध्ये आरआयएएनं सगळ्यांसाठी एकच माप ठरवलं. आमचं गाव एडिसन झालं तेच वर्ष. त्या मापाला संघटनेचं नाव चिकटलं, ते आजतागायत. काकांनी गिरगावात सोल्डरिंगच्या धुरात जुळवलेलं होतं ते हेच.

‘‘म्हणजे कोणता आवाज दाबायचा नि कोणता उचलायचा,’’ काकू म्हणाल्या, ‘‘हे ठरवायचंच काम त्यांचं.’’

मी भूगोलाच्या बाईंना मनोमन नमस्कार केला.

‘‘पण ह्यांच्या यंत्रात,’’ त्या पुढं म्हणाल्या, ‘‘किती दाबलंय ते माहीत असायचं, म्हणून तितकंच उचलता यायचं. टीव्हीवाले ते सांगत नाहीत. मग मी घरी किती उचलू?’’

एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि दाराशी पोचल्यावर आठवण झाल्यासारखं वळून म्हणाल्या की उद्या दुधीचे कोफ्ते आहेत, डबा पाठवते. माझ्याच दुधीचे.

गोष्ट इथं थांबली असती, पण काकू मास्तरीण आहेत. त्यांनी नातवाला बसवून एका चॅनेलला पत्र लिहवलं. इंग्रजी नातवाचं, विरामचिन्हं काकूंची. मजकूर सरळ होता: तुमच्याकडे काल जे पाच स्ट्रॅटेजिस्ट बसले होते, ते कोणाकोणाचे पगार घेतात ते नावाखालच्या पट्टीवर लिहावं. जागा कमी पडत असेल तर खाली शेअर बाजाराचे आकडे सरकतात, ते दोन मिनिटं थांबवावेत.

तीन मिनिटांत उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आम्हाला प्रेक्षकांची मतं मोलाची वाटतात, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. खाली सही नव्हती. काकूंनी ते छापून फ्रिजवर लावलंय, आणि सही असायला हवी त्या जागी लाल पेनानं गोल करून ठेवलाय.